भूपाल, दुसरा तुकडा फुलावर आला आहे

भूपाल, विहिरीपलीकडचा दुसरा तुकडा फुलावर आला आहे. तू नसताना आला आहे. तू सूर्यफुलाची पेरणी मुद्दाम दोन टप्प्यांत केली होतीस, ऐन फुलोऱ्यात ढगाळ हवा सापडली तर निदान एक तुकडा हाती लागावा म्हणून. पहिल्या तुकड्याचे काय झाले ते तू पाहून गेलास. दुसऱ्याचे काय होणार हे अजून ठरलेले नाही आणि ते कुणाच्या हातात आहे हेही मला नीटसे सांगता येत नाही.

कळीत असताना सूर्यफूल सूर्याबरोबर मान वळवते. पुरते उमलले की फिरणे थांबते आणि ते पूर्वेला तोंड करून उभे राहते. हे तूच मला दाखवले होतेस. सूर्यफूल दिवसभर फिरते अशी माझी समजूत होती आणि तू मला सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकाच फुलासमोर नेऊन उभे केले होतेस. "हं वकील, घ्या साक्ष," असे म्हणाला होतास. न्यायालयात मी हयातभर लिपिक होतो, पण तुझ्या तोंडी माझी पदवी कायम वकिलाची.

तुझ्या शेताच्या पूर्वेला संपतरावची द्राक्षबाग आहे. चार-पाच दिवसांपूर्वी सकाळी मी बांधावर गेलो, तेव्हा सबंध तुकडा माझ्याकडे पाठ करून त्या बागेकडे टक लावून उभा होता. एकाही फुलावर मधमाशी नव्हती. पूर्वी या दिवसांत तुझ्या शेतातून चालताना दोघांना मोठ्याने बोलावे लागे, इतका माशांचा गुंजारव असे. त्या दिवशी फक्त वाळकी पाने एकमेकांवर घासत होती. मी फार वेळ थांबलो नाही.

तुझ्या मुलाने वर्तमानपत्रात मजकूर दिला आहे. जन्म, शिक्षण, जैन बस्तीच्या जीर्णोद्धारातले काम, सोसायटीतली वर्षे, सगळे बिनचूक आहे. शेवटी 'अल्पशा आजाराने निधन' असे छापले आहे. माझी त्या वाक्याला हरकत आहे. निधन हा शब्द कारण विचारत नाही. तो कागदावर येतो आणि पुढचे सगळे प्रश्न नम्रपणे मिटवून टाकतो. मी तुझ्या मुलाला तसे पत्र लिहिले. त्याने पुण्याहून फोन करून "काका, तुम्ही विश्रांती घ्या" असे सांगितले. माझ्या वयाच्या माणसाचे म्हणणे फेटाळण्याची ही नवी रीत आहे. हिच्यावर अपील नाही.

आपले भांडण मुळात दाण्याचे होते. फुलाच्या मधला घेर पोकळ का राहतो, यावर आपण किती वर्षे भांडलो! कडेचे दाणे टपोरे, आत बोट घालावे तर नुसती टरफले. मी दरवेळी बियाणाला दोष देई, कारण बियाणाच्या पिशवीवर विकणाऱ्याचे नाव असते आणि नाव असले की नोटीस पाठवता येते. तू हसायचास. "आरं गड्या, कळी धरताना पाणी चुकलं तर दाणा कुठनं भरंल? रानात गंधक न्हाई, बोरॉन न्हाई. दाट पेरलं तर फूल बशीएवढंच ऱ्हातंय. वर चार दिस ढग आलं की परागाचा चिखल. आता ह्यातल्या कुणाकुणाला नोटीस काढतोस? ढगाला?"

"आणि माशी?" मी विचारले होते.

"ती खरी मालकीण. सूर्यफुलाला सोताच्या परागावर भरवसा न्हाई, दुसऱ्या झाडाचाच लागतो. मग आणणार कोण? सगळं दिलं आन् माशी न्हाई आली, तर भुस्साच हाय."

हे सांगणारा तू जन्मात मध न चाखलेला माणूस होतास. मध खाणे हा हिंसेचा भाग, म्हणून तुमच्या घरी औषधालाही मध येत नसे. आणि तूच फुलोऱ्याच्या दिवसांत डोंगराकडच्या मधपाळाकडून पेट्या आणून शेतात ठेवत होतास. करार एवढाच की त्याने मध तुझ्या हद्दीत काढायचा नाही. मी तुला दांभिक म्हटले होते. तू रागावला नाहीस. "त्यांनी माझ्या रानात काम करावं, मी त्यांच्या घरात हात घालू नये. ह्यात तुला खोट कुठं दिसती?" मला दिसली नव्हती. तसे त्या वेळी मी म्हणालो नाही, म्हणून आता लिहितो.

यंदाही पेट्या आल्या. आणि यंदा संपतरावच्या बागेवर फुलकिडे आले.

संपतराव वाईट माणूस नाही, हे मी रागाच्या भरातही मान्य करतो. विट्याकडच्या पुष्कळ माणसांप्रमाणे त्यानेही दक्षिणेत सोने गाळण्याच्या दुकानात उमेदीची वर्षे घालवली, परत येऊन बाग उभी केली आणि घडावर डाग पडला तर त्याचे सगळे वर्ष जाते. पण त्याचा ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर सकाळी सुरू होई, नेमका माशा फुलावर येण्याच्या वेळी. संध्याकाळी फवारा, असे मी त्याला लेखी कळवले. "संध्याकाळी पानं वली ऱ्हात्यात, डावणीचा रोग पडतोय, नाना. तुमी लिवा, मला वाचायला येतंय, पर बाग वाचवायला येत न्हाई तुमच्या कागदाला," हे त्याचे उत्तर. तेव्हा मी मधला मार्ग काढला. त्याने आदल्या संध्याकाळी वर्दी द्यायची. माशा पेटीत परतल्यावर तू दारे बंद करायची. सकाळी फवारणी उरकली, वारा बसला की उघडायची. दोघांनी सह्या केल्या. मला त्या कागदाचा अभिमान होता.

वर्दी आली. तू दारे बंद केलीस. सकाळी संपतरावचा ट्रॅक्टर चालूच होईना. तो दुरुस्तीच्या माणसाला आणायला गेला आणि "हे काय, आत्ता येतो" असे तुला सांगून गेला. तू थांबलास. ऊन चढले. तू पेट्यांवर ओली पोती टाकलीस. ब्लोअर दुपारी सुरू झाला. उघडावे तर बाहेर औषध, न उघडावे तर आत भट्टी. मी पोहोचलो तेव्हा तू पहिले दार उघडत होतास.

बाहेर कुणी आले नाही. आतली मेणाची पोळी वितळून खाली बसली होती आणि फटीतून मध गळत होता, त्यात माशा. आधीच मुंग्यांची रांग लागली होती. तू उघड्या हातांनी माशा बाहेर काढत होतास, एखादी हलते का पाहत होतास. मग विहिरीवर जाऊन हात धूत बसलास. धुऊन झाले तरी उठला नाहीस. आयुष्यात तुझ्या हाताला मध लागला तो असा.

मी त्याच दिवशी तक्रारीचा मसुदा केला. संपतरावने उशीर कळवला नाही, हा त्याचा निष्काळजीपणा, त्यातून नुकसान, कार्यकारणभाव स्पष्ट. तू वाचायलाही घेतला नाहीस.

"दारं कुणी लावली?"

"तू लावलीस. पण हेतू रक्षणाचा होता. कायदा हेतू पाहतो."

"आमच्यात बी बघत्यात. पर हेतू चांगला आन् ध्यान न्हाई, त्याला प्रमाद म्हणत्यात. तुझ्या कायद्यात त्याला काय म्हणत्यात?"

"निष्काळजीपणा," मी म्हणालो. म्हणावे लागले.

"मग झालं तर. आन् वकील, एक सांग, तुझ्या कागदात ऊन कुठं व्हतं?"

भूपाल, या प्रश्नावर मी अनेक उत्तरे तयार केली आहेत. प्रत्येक कागदात प्रत्येक गोष्ट घालता येत नाही. ऊन हा पक्षकार नव्हे. ज्याच्याकडून उशीर झाला त्यानेच त्याचे परिणाम भोगावेत. उत्तरे पक्की आहेत. ती ऐकायला तू हवा होतास. तुझ्याशी वाद अर्धा सोडणे मला कधीच मानवले नाही आणि हा तर तू माझ्या तोंडावर सोडून गेलास.

त्यानंतर तू दुसऱ्या पेट्या आणू दिल्या नाहीस. घरातले पाणी गाळायचे जुने मऊ फडके हाताला गुंडाळून सकाळी फुलात उतरू लागलास. एका फुलावरून हळुवार हात फिरवायचा, तोच हात पुढच्या फुलावर. फिरवण्यापूर्वी प्रत्येक फूल जरासे हलवून पाहायचास, आत एखादा जीव असला तर उडून जावा म्हणून. शेजारच्या ओळीत वहिनी. मी बांधावरून ओरडायचो, "अरे, संपत आज मारणार आहे, बाहेर ये!" आणि फुलांच्या आतून तुझा आवाज यायचा, "आलो आलो, ही वळ सपू दे."

त्या शेवटच्या सकाळी संपतचा ब्लोअर चालू होता आणि वारा पूर्वेचा होता. ओळ संपवून तू बांधावर येऊन बसलास. सारखा थुंकत होतास. तोंडाला पाणी सुटतेय म्हणालास. सकाळचा गारवा असून सदरा घामाने भिजला होता. डोळ्यांपुढे धूसर दिसते म्हणालास आणि मग माझ्याकडे बघून, "तुझं थोबाड बरं दिसाय लागलंय गड्या, म्हंजे नजर गेली बघ," असेही म्हणालास. ते तुझे माझ्याशी शेवटचे बोलणे. दवाखान्यात नेईपर्यंत तू कुणाशीच बोलला नाहीस.

डॉक्टरांनी हृदय लिहिले. तुझे हृदय आधीपासून अधू होते. गोळ्या चालू होत्या. हे मी नाकारत नाही. संशय आणि पुरावा यांतला फरक मला चांगला कळतो, माझा जन्म त्याच दोन शब्दांच्या मध्ये गेला. तोंडाला सुटलेले पाणी, घाम, धूसर नजर ही फवारणीच्या विषाचीही लक्षणे असतात, म्हणूनच मी शवविच्छेदन मागितले. तुझा मुलगा नको म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्यांनी कवा किडा चिरडला न्हाई. त्यांना चिरू नगा." यावर मी काय युक्तिवाद करणार होतो? संध्याकाळच्या आत तुला अग्नी दिला. पुरावा जळताना मी हात जोडून उभा होतो. मी इतका संतापलो होतो की मला रडूही आले नाही. ते नंतर आले, घरी, चप्पल काढताना.

त्यानंतर मी ज्या ज्या कार्यालयाला लिहिता येते त्या प्रत्येकाला लिहिले. 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आला आहे.' माझे अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर वर्ग होत आहेत आणि दुसरा तुकडा उमलतो आहे. सूर्यफूल एकदम उमलत नाही, कडेकडून आत उमलत जाते. आतला घेर शेवटी. ज्या दिवशी जो घेर उमलला त्याला पराग त्याच दिवसांत मिळाला पाहिजे. उशीर झाला की ते टरफल पोकळच राहते. ही मुदत वाढवून मिळत नाही.

म्हणून वहिनी आता एकट्या उतरतात.

मी त्यांना अडवायला गेलो. त्या कमरेला पदर खोचून निघाल्या होत्या.

"वहिनी, उद्या संपत फवारणार आहे. ढग आलेत, किडे वाढतील, तो थांबणार नाही."

"फुलं तरी कुठं थांबत्यात?"

"एक तुकडा पोकळ गेला तर काय आभाळ कोसळणार आहे? तुमचा मुलगा कमावता आहे."

त्या माझ्याकडे रागाने नव्हे, थोडी कीव आल्यासारख्या पाहत राहिल्या. "भाऊजी, त्या पेट्यांतलं जीव आमच्या हातनं गेलं. त्यांचं काम ह्येंनी अंगावर घेतलं व्हतं. आता ते अर्धं ऱ्हायलंय. ते मी अर्धं ठिवू?"

"मी संपतला रीतसर नोटीस देतो."

"तुमचं पत्र पोचंस्तोवर फूल वाळतंय," त्या म्हणाल्या आणि फुलांत शिरल्या. फुले त्यांच्या डोक्याहून उंच आहेत. क्षणात दिसेनाशा झाल्या. तेवढ्याच क्षणात मला कळून चुकले की या महिन्यात मला पुन्हा एकदा हात जोडून उभे राहावे लागेल, आणि मी ते करणार नाही.

मी तडक संपतरावकडे गेलो. तो शेडमध्ये ब्लोअरची नळी बसवत होता. त्याने मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मी बसलो नाही.

"भूपाल तुझ्या औषधाने गेला," मी म्हणालो.

"सिद्ध करा." तो शांतपणे म्हणाला. "नाना, तुमीच शिकवलंय गावाला. पुरावा आसंल तर फिर्याद करा, न्हाईतर आसं बोलू नगा. मला बी रातीला झोप न्हाई. भूपालअण्णा माझ्या बापाच्या जागी व्हतं." आणि तो बाजूला थुंकला.

कायद्याने तो बरोबर होता. मी परतायला वळलो. तो पुन्हा थुंकला. मग पुन्हा. चहाचा पेला त्याने मला दिला तेव्हा बशीत चहा सांडला. त्याचा हात कापत होता. कपाळावर घाम होता. शेडमध्ये ऊन नव्हते, भूपाल, ऊन मुळीच नव्हते.

"संपत, हे कधीपासून?"

"कशाचं? हे व्हय?" त्याने हात मागे घेतला. "फवारणीच्या दिसांत व्हतंय थोडं. आवं नाना, आमी सोनं गाळताना ॲसिडच्या धुरात उभं ऱ्हायलोय. त्या धुरानं काय झालं न्हाई, ह्या पाण्यानं काय व्हतंय? आमचं अंग मुरलंय."

तो खरोखर तसे मानतो. भट्टीपुढे काढलेल्या वर्षांनी आपल्याला अभय मिळाले आहे, अशी त्याची खात्री आहे आणि म्हणून तो तोंडाला साधा रुमालही बांधत नाही. मी ज्याला आरोपी करणार होतो, तो तुझ्याच मागे रांगेत उभा आहे हे मला त्या शेडमध्ये दिसले. मी त्याला डॉक्टरकडे चल म्हणालो. तो हसला. "बाग आटपू द्या."

मी त्या दिवशी घरी येऊन काहीही लिहिले नाही. तुला नवल वाटेल. कागद पुढे होता, शाईही होती. मी आयुष्यात प्रथमच विचार केला की फिर्याद करायला माझ्याकडे पुरावा नाही. पण फिर्याद माझ्यावर झाली तर? फिर्यादीला पुरावा द्यावा लागतो. आरोपीला मात्र विचारतात, तू हे का केलेस? आणि त्याने सांगितलेले कारण लिहून घ्यावेच लागते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी संपतरावच्या शेडमध्ये गेलो आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला टेकून खाली बसलो.

तो आला. मला पाहून थबकला. "नाना, उठा. आवो, गुडघं धरत्याल."

"नाही."

"ढग बघा की वर!"

"बघितले."

"मी उचलून बाजूला ठिवीन तुमास्नी."

"ठेव. मग मारहाणीचाही गुन्हा होईल. तो तुझ्यावर. त्यापेक्षा तू माझ्यावर कर. परवानगीवाचून तुझ्या आवारात शिरलो आहे, तुझी वाट अडवली आहे, दोन्ही अपराध आहेत. ठाण्यात तुला लिहिता येणार नसेल तर मजकूर मी सांगतो."

 तो ओरडला. बागेबद्दल, घडांबद्दल, म्हाताऱ्या माणसांच्या हट्टाबद्दल पुष्कळ बोलला. त्यातले काही इथे लिहिण्यासारखे नाही आणि त्यातले बरेचसे खरे होते. मी उठलो नाही. शेवटी दमून तो माझ्याशेजारीच जमिनीवर बसला. तोंड पुसले. श्वास लागला होता.

"अण्णांनी शेवटी काय म्हटलं?" त्याने विचारले. "माझं नाव घेतलं का?"

"नाही. नजर धूसर झाली म्हणाला."

 संपतरावने हाताच्या पाठीने डोळे चोळले आणि माझ्या चेहऱ्याकडे, मग दाराबाहेरच्या उजेडाकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिले. जसा माणूस अक्षर लागते का ते तपासून बघतो. त्याला काय दिसले ते त्याने सांगितले नाही. 

दुपार होईपर्यंत आम्ही तसेच बसलो. वहिनी ओळी संपवून घरी गेल्याचे मी शेडच्या दारातून पाहिले, तेव्हा उठलो. संपतरावने मला हात दिला.

"आता वारं सुटलंय. उद्या मारावंच लागंल, नाना," तो म्हणाला. "उद्या मी तुमच्या आदी येणार."

"त्याआधी दवाखान्यात जा."

"बघतो."

भूपाल, हे घडून दोन सकाळी झाल्या. दोन्ही सकाळी मी त्याच्या आधी पोहोचलो. तो दवाखान्यात गेलेला नाही. ठाण्यातही गेलेला नाही. माझ्यावर गुन्हा दाखल करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, तो त्याने बजावावा म्हणून मी त्याला रोज सांगतो. दुसऱ्या तुकड्याचा आतला घेर अजून उमलायचा आहे. आज ढग कालपेक्षा खाली आले आहेत, घडांवर पहिले डाग दिसू लागले आहेत आणि आज सकाळी संपतरावला ट्रॅक्टरची किल्ली धरता आली नाही. ती दोनदा खाली पडली, दुसऱ्या वेळी मी उचलून माझ्या खिशात ठेवली. आता चोरीही झाली. मी ती परत करणार नाही. पोलीस येतील तेव्हा मी घरी नसेन, शेडमध्ये असेन, हे मी ठाण्याला आजच लेखी कळवले आहे.